उभ्या गाडीचे इंजिन थरथरते? सुटे भाग बदलण्याआधी दोष ओळखा

गाडी सिग्नलला उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी स्टिअरिंग, सीट आणि मधला आरसा थरथरतो. रेस दिली की थरथर कमी होते, पाय काढला की पुन्हा सुरू. ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली की बऱ्याचदा आधी ठिणगी पाडणारे प्लग बदलले जातात, मग त्यांना वीज देणाऱ्या कॉइल, मग इंजिनचे फाउंडेशन, म्हणजे माउंटिंग. तीन बिले होतात आणि थरथर तिथेच राहते.

असे होते, कारण या एका लक्षणामागे दोन पूर्णपणे वेगळे दोष असतात. एक म्हणजे इंजिनच असमान चालते, एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, म्हणजे ‘मिसिंग’ करतो. दुसरा म्हणजे इंजिन ठीक चालते, पण त्याला धरून ठेवणारे माउंटिंगचे रबर बसलेले असते, त्यामुळे त्याची नेहमीची हालचाल बॉडीपर्यंत पोहोचते. यातला कोणता दोष आहे हे ठरल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका. ते ठरवायला लागणाऱ्या बहुतेक चाचण्या अंगणात, फुकटात होतात.

साधारण किती थरथर चालते

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पेट्रोल गाडीचा आयडल, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला ‘स्लो’ म्हणतात तो, साधारण ६५० ते ८५० आरपीएम असतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर तो ११०० ते १५०० पर्यंत जातो आणि दोन-चार मिनिटांत खाली येतो. एसी लावला की थोडा वाढतो. हे सगळे बरोबर आहे.

ऑल्टो, वॅगन-आर १.०, सेलेरिओ, क्विड, टियागो या गाड्यांत तीन सिलिंडरचे इंजिन आहे. चार सिलिंडरच्या गाडीतून उतरून यांत बसलात तर थोडी थरथर जाणवणारच. तो दोष नव्हे. तुमच्याच मॉडेलची, तेवढीच चाललेली दुसरी गाडी शेजारी उभी करून दोन्हींच्या स्टिअरिंगवर हात ठेवून पाहणे ही सगळ्यात चांगली तुलना.

एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर थरथरीची जातच वेगळी असते. ७५० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सहाच्या थोडे वर वेळा पेटतो. त्यातला एक मुका राहिला तर तेवढ्याच वेळा इंजिनला हिसका बसतो. हा हिसका संथ आणि मोजता येण्याजोगा असतो, सीटवर बसून कळतो. माउंटिंग खराब असेल तर मात्र बारीक, सलग गुणगुण येते, आरशातले चित्र पुसट होते आणि डॅशबोर्डचे प्लॅस्टिक वाजते.

जवळ काय हवे

प्लगची गोटी (बहुतेक गाड्यांना १६ मिमी, काहींना १४) आणि लांब एक्स्टेंशन, १० मिमीचा पाना, चपटा स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करायच्या क्लीनरचा डबा, झाडांवर पाणी मारायचा छोटा फवारा आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे यंत्र). स्वस्तातला स्कॅनर हजाराच्या आत-बाहेर मिळतो आणि मोबाइलवर चालतो. २०१३ नंतरच्या गाड्यांना तो सहसा जोडता येतो. त्याचे सॉकेट स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ असते.

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. गळ्यातला रुमाल, ओढणी काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा कुठल्याही क्षणी आपोआप सुरू होतो.

पहिली पायरी: थरथर कधी होते ते लिहून काढा

दोन दिवस लक्ष ठेवा आणि कागदावर नोंद करा. अर्धे निदान इथेच होते.

फक्त सकाळी थंडीत होते आणि गरम झाल्यावर जाते: प्लग, हवेची गळती, किंवा रात्रभर बंद गाडीत, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून ठिबकणारे पेट्रोल.

थंडीत बरी असते आणि गरम झाल्यावर सुरू होते: तापल्यावर दगा देणारी कॉइल, किंवा व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (व्हॉल्व्ह पूर्ण मिटायला ठेवलेली बारीक फट) संपलेले. सीएनजी गाडी असेल तर दुसरे आधी मनात धरा.

फक्त एसी लावल्यावर होते: घाणेरडी थ्रॉटल बॉडी किंवा बसलेले माउंटिंग. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर मोठा भार टाकतो. एसीच्या पुढच्या कंडेन्सरच्या जाळीत कापसाची तुसे आणि धूळ भरली असेल तर तो भार आणखी वाढतो. ती जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुतली तरी काही गाड्यांत फरक दिसतो.

टाकी भरल्यानंतर पाच-दहा मिनिटेच होते: टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. तो व्हॉल्व्ह काढून, त्याला वीज नसताना फुंकून पाहा. हवा आरपार गेली तर तो गेला.

गाडी धुतल्यानंतर लगेच सुरू झाली: प्लगच्या विहिरीत पाणी शिरले. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल काढायला प्रेशर पंपाने बोनेटच्या आत धुतात, त्यातून हा दोष हमखास येतो. कॉइल काढा, विहिरीतले पाणी हवेने उडवा, कॉइलचे रबर सुकवा. बहुतेक वेळा काम तिथेच संपते.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला आहे की लुकलुकतो आहे, हेही पाहा. लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो लालबुंद तापतो. आतली जाळी वितळली की दुरुस्तीचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट होतो. अशी गाडी उसाच्या पाचटावर, कडब्याजवळ किंवा वाळल्या गवतावर तर मुळीच उभी करू नका. खालून आग लागू शकते.

दुसरी पायरी: इंजिन की माउंटिंग

गाडी गरम करून आयडलवर ठेवा आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटे अंतरावर कागदाची पट्टी धरा. चांगल्या इंजिनात कागद एकसारखा बाहेर ढकलला जातो आणि आवाज सलग येतो. ठरावीक ठेक्याने ‘फट’ असा खंड पडत असेल, कागद मधेच आत ओढला जात असेल, तर एखादा सिलिंडर काम करत नाही.

मग आरपीएमचा काटा पाहा. काटा स्थिर, सायलेन्सरचा आवाज सलग, आणि तरी गाडी थरथरते, तर संशय माउंटिंगवर. थेट माउंटिंगच्या भागाकडे जा. काटा वर-खाली होतो किंवा आवाजात खंड आहे, तर संशय इंजिनवर.

मग हळूच १५०० आरपीएमपर्यंत रेस धरा. थरथर पूर्ण गेली तर हवेची गळती, थ्रॉटल किंवा माउंटिंग. १५०० ला आणि २५०० लाही हिसके येतच राहिले तर प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).

तिसरी पायरी: स्कॅनर लावा, पण कोड वाचून पार्ट आणू नका

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी०३०२ दुसऱ्याचे, याप्रमाणे. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला धरून नाही, फिरते आहे. असे असेल तर एका कॉइलचा विचार सोडा आणि सगळ्यांना समाईक असलेल्या गोष्टी पाहा: हवेची गळती, पेट्रोलचे प्रेशर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०५०६ आणि पी०५०७ म्हणजे आयडल अनुक्रमे हवा त्यापेक्षा कमी आणि जास्त. कोड फक्त खोली दाखवतो, चोर नाही. पी०३०२ आला म्हणून दुसऱ्या सिलिंडरची कॉइलच खराब असेल असे नाही.

कोडपेक्षा मोलाचे दोन आकडे थेट डेटामध्ये दिसतात. पहिला लाँग टर्म फ्युएल ट्रिम. इंजिनचा संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते यात कळते. गरम इंजिनावर उणे ५ ते अधिक ५ चांगले. आयडलला अधिक १२-१५ किंवा त्याहून वर असेल आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर मीटर न झालेली हवा कुठूनतरी आत शिरते आहे. आयडलला ठीक आणि रेसवर वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: पंप किंवा फिल्टर. जास्त उणे असेल तर पेट्रोल कुठूनतरी जास्त येते आहे.

यात ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा हिशेब धरा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-१० ला सुमारे १४.१ आणि ई-२० ला सुमारे १३.५. म्हणून ई-१० साठी बेतलेल्या जुन्या गाडीत ई-२० भरल्यावर ट्रिम चारेक टक्के अधिककडे सरकलेला दिसेल. तो दोष नाही, त्यावरून इंजेक्टर उघडू नका.

दुसरा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातला) दाब. किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून तो आधी पाहा. तेव्हा तो तुमच्या गावचा हवेचा दाब दाखवतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटरवर आहे, तिथे ९४-९५ किलोपास्कल यायला हवे. नांदेड सखल, तिथे ९७ च्या आसपास. पुस्तकातला १०१ चा आकडा समुद्रकाठचा आहे, तो न आल्याने सेन्सर खराब ठरत नाही. आता इंजिन सुरू करा. गरम, एसी बंद, आयडलवर दाब ३० ते ४० च्या दरम्यान स्थिर हवा. ५० च्या वर असेल तर हवा गळते आहे, इंजिन ओढून चालते आहे, किंवा व्हॉल्व्ह टायमिंग घसरले आहे.

चौथी पायरी: प्लग आणि कॉइल

मिसिंग पक्के झाले असेल तर सुरुवात इथून. इंजिन थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात आणि मग खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

कॉइलचा कनेक्टर काढताना लॉक दाबूनच ओढा. आपल्याकडच्या उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेत ही प्लॅस्टिकची लॉके ठिसूळ होतात. लॉक तुटलेला कनेक्टर नंतर सैल बसतो आणि तोच नवा दोष होतो. कॉइल काढल्यावर, प्लग सोडण्याआधी विहिरीत हवा मारा. पाणंद रस्त्यांवरचा फुफाटा तिथे साठलेला असतो, तो प्लग काढताच सिलिंडरमध्ये पडतो.

ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने प्लग फडक्यावर ठेवा. आडव्या बसवलेल्या इंजिनात पहिला सिलिंडर सहसा टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा असतो. आता टोके पाहा. फिकट तपकिरी किंवा राखाडी, कोरडे: ठीक. काळी, कोरडी काजळी: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर पाहा. पेट्रोलने ओले: त्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही. ऑइलने चिकट: रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरेफटक आणि फोड आलेले: मिश्रण पातळ, इंजिन जास्त तापते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग मुळातच पांढुरके दिसतात, त्याला फोड नसतील तर घाबरू नका. सगळे प्लग एकसारखे आणि एकच वेगळा, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे.

चिनी मातीच्या भागावर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाहेर पळते आहे. कॉइलच्या रबरातही तशीच रेघ असेल. अशा वेळी प्लग आणि रबर दोन्ही बदला. एकच बदलले तर रेघ दुसऱ्यावर लवकरच पुन्हा उमटते. विहिरीत ऑइल असेल तर वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळते आहे, ते आधी बदला, नाहीतर नवे रबर ऑइलने फुगून सुटेल.

प्लगच्या टोकांमधला गॅप फिलर गेजने मोजा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिमी असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून तिथे गॅप कमीच्या बाजूचा ठेवतात. साधे निकेलचे प्लग असतील तर गॅप हलक्या हाताने जुळवता येतो. इरिडियमच्या बारीक टोकाला गेज घासू नका, ते तुटते.

बसवताना प्लग आधी हाताने पूर्ण फिरवा. हाताने फिरत नसेल तर तो तिरका लागला आहे, जोर न लावता काढून पुन्हा लावा. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे होतो, जुना तोच परत लावत असाल तर फक्त किंचित. टॉर्क पाना असेल तर १४ मिमी आट्याला २० ते २५ न्यूटन-मीटर. बारीक आट्याला यापेक्षा कमी, मॅन्युअल पाहून.

कॉइलची परीक्षा तर पैसे न लावता होते. समजा कोड पी०३०२ आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावा. कोड पुसा, गाडी सुरू करा, पाच-सात मिनिटे चालू द्या. कोड पी०३०१ झाला तर कॉइलच खराब, ती एकच बदला. पी०३०२ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. आता प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही कोड दुसऱ्यालाच चिकटून राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन.

स्कॅनर नसेल तर इंजिन आयडलवर ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी लडबडते. ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही तो मुका सिलिंडर. चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगची वायर उपसून ही चाचणी कधीही करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि न जळलेले पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाते.

इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरी हाताने चाचपून पाहा. सोयाबीन काढणीपासून उसाचा हंगाम संपेपर्यंत शेताजवळ, गोठ्याजवळ लावलेल्या गाड्यांत उंदीर घुसतात आणि नेमक्या याच बारीक वायरी कुरतडतात. कापडी टेपच्या आत तुटलेली वायर बाहेरून दिसत नाही. इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हळू हलवला आणि थरथर बदलली, तर तिथे टेप सोडून पाहा. वायर पिळून टेप गुंडाळू नका, सोल्डर करून नळी चढवा.

पाचवी पायरी: हवेचा रस्ता

एअर फिल्टरचा डबा उघडा. कंपनीने सांगितलेले अंतर डांबरी रस्त्यासाठी असते. रोज शेतरस्त्याने जाणाऱ्या किंवा उसाच्या ट्रॉल्यांमागे चालणाऱ्या गाडीला त्याच्या निम्म्या अंतरात फिल्टर पाहायला हवा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. डबा परत लावताना चारही क्लिपा नीट बसल्या का ते तपासा, फटीतून शिरणारी माती रिंगा झिजवते.

फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप काढा, दोन क्लॅम्प असतात. आत बटरफ्लाय चकतीच्या कडेला काळा थर दिसेल. आयडलला चकती केसभरच उघडी असते, त्यामुळे त्या थराने हवेची वाट अडते आणि एसी लागताच इंजिन आचके देते. क्लीनर कापडावर घेऊन चकतीची कड आणि भोवतालची भिंत पुसा. थेट फवारा मारलात तर तो बाजूच्या मोटरमध्ये जातो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती किल्ली चालू असताना बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात आणि बोटही चेमटते. एअर फ्लो सेन्सर असेल तर त्याला हा क्लीनर लावू नका, त्याचा वेगळा मिळतो. जुन्या गाड्यांत आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह वेगळा असतो, तोही याच वेळी काढून स्वच्छ करा.

सफाईनंतर आयडल १००० च्या वर गेला किंवा झुलायला लागला तर काही बिघडलेले नाही. घाण थ्रॉटलची सवय झालेला संगणक जुन्याच हिशेबाने चकती उघडतो. किल्ली चालू करून ॲक्सिलरेटरला पाय न लावता अर्धा मिनिट थांबा, मग सुरू करून पंखा दोनदा लागेपर्यंत आयडलवर ठेवा, नंतर पाच मिनिटे एसीसह. बऱ्याच गाड्या एवढ्याने जुळवून घेतात. काहींना स्कॅनरमधून थ्रॉटल रिसेट द्यावे लागते.

आता गळती. आधी सोप्या जागा: ऑइल भरायचे झाकण, डिपस्टिक, एअर पाइपचे क्लॅम्प. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उचलताना जोराने आत ओढले जात असेल किंवा शिट्टी वाजत असेल तर पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढू देणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा फाटला आहे. ब्रेक दाबून धरल्यावर आयडल बदलतो आणि सुसकारा येतो, तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा जाड पाइप पाहा. रबरी नळ्या बाहेरून धड दिसतात, पण वाकवल्यावर खालच्या बाजूला चीर उघडते. प्रत्येक नळी वाकवून पाहा.

तरी सापडत नसेल तर पाण्याचा फवारा घ्या. आयडलवर मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर, इंजेक्टरच्या बुडाशी, नळ्यांच्या टोकांवर थोडे-थोडे पाणी मारा. कॉइल आणि कनेक्टरवर नको. जिथे पाणी पडताच आवाज क्षणभर बदलतो तिथे गळती. काही जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेट घेतो, म्हणून पाणीच बरे.

माउंटिंगची तपासणी

आडव्या इंजिनाला साधारण तीन किंवा चार आधार असतात: एक टायमिंगच्या बाजूला, एक गिअरबॉक्सखाली, आणि हेलकावा रोखणारा मागे किंवा खाली. टायमिंगच्या बाजूच्या आधारात अनेक गाड्यांत तेल भरलेले असते. त्याच्या बुडाशी काळा ओघळ दिसला तर तेल गेले, रबर वरून शाबूत दिसले तरी तो बदलायचा.

बोनेट उघडून बाजूला उभे राहा, पुढे नको. जाणत्या माणसाला आत बसवा. ब्रेक पूर्ण दाबून त्याने क्लच किंचित सोडावा, आधी पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिक असेल तर डी आणि आर. इंजिन थोडे कलले तर ठीक. दोन-तीन सेंटिमीटर उसळले किंवा ‘धप्प’ आवाज आला तर आधार गेला.

खात्री करायची असेल तर जॅकवर रुंद लाकडी फळी ठेवून ऑइल सम्पच्या (इंजिनच्या बुडाच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेला टेकवा आणि इंजिन जेमतेम सेंटिमीटरभर उचला. फळीशिवाय उचलले तर सम्प चेपतो. थरथर एकदम गेली तर निदान पक्के. जॅकवर तोललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका.

खड्ड्यांच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत एक आधार बसला की बाकीच्यांवर जास्तीचा भार येतो, म्हणून एक बदलताना सगळे पाहा. स्वस्त माउंटिंगचे रबर कडक असते आणि नवे असूनही थरथर वाढवते. मोंढ्यातल्या दुकानात अर्ध्या किमतीचा पर्याय दाखवला तरी इथे कंपनीचाच भाग घ्यावा असे स्पष्ट मत आहे. बसवताना बोल्ट आधी सैल ठेवा, जॅक काढून इंजिन स्वतःच्या वजनाने बसू द्या, सुरू करून बंद करा, आणि मगच शेवटचे आवळा. रबर पिळलेल्या अवस्थेत आवळले तर पहिल्या दिवसापासून गाडी थरथरते.

सायलेन्सर लटकवणारी रबरे आणि उष्णतेचा पत्राही हलवून पाहा. खडीच्या रस्त्यावर पाइपला ठोकर बसून तो बॉडीला टेकला असेल तर हुबेहूब माउंटिंगसारखी गुणगुण येते.

सीएनजी आणि डिझेल

सीएनजी गाडीत आधी इंधन बदलून पाहा. फक्त गॅसवर थरथरते तर किटचा फिल्टर, रेल किंवा ट्यूनिंग. पण प्लगही पाहा, कारण कमजोर प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. फक्त पेट्रोलवर थरथरते तर न वापरल्याने इंजेक्टर चिकटले. अशा गाडीने दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालावे. दोन्हीवर, आणि तीही गरम झाल्यावर, तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशन तपासा.

डिझेलमध्ये ठिणगीचे प्लग आणि कॉइल नाहीत. आधी फिल्टरमधले पाणी काढा, मग पारदर्शक नळीत हवेचे बुडबुडे दिसतात का पाहा. सकाळी पांढरा धूर सोडत थरथरते तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना तापवणारे). काळा धूर आणि असमान आयडल असेल तर ईजीआर. यातही सापडले नाही तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी डिझेल पंपवाल्याकडून करून घ्या: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या बाटल्यांत सोडतात, ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते तो झिजलेला. जुन्या गाड्यांत इंजेक्टरचा पाइप चालू इंजिनावर सैल करून सिलिंडर ओळखत असत. कॉमन रेल गाडीत हे करू नका. तिथले डिझेल शेकडो, भारावर हजारांहून जास्त बार दाबाचे असते, ते कातडी फोडून आत शिरते.

शेवटचा उपाय: प्रेशर आणि कॉम्प्रेशन

इथपर्यंत काही सापडले नाही तर गॅरेज गाठा, पण काय तपासायचे ते सांगून. पेट्रोल रेलचे प्रेशर बहुतेक साध्या गाड्यांत ३ ते ४ बार. टाकी सतत रिझर्व्हला ठेवून चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन कोमट, सगळे प्लग काढलेले, इंजेक्टरची वीज तोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली हवी. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १५० ते १९० पीएसआय देते. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १०-१५ टक्क्यांच्या आत असावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचा संशय असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेट क्लिअरन्स, म्हणजेच व्हॉल्व्ह क्लिअरन्स, मोजायला सांगा. नुसत्या जुळवणीने काम झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा आणि १५-२० किलोमीटर गाडी चालवा, त्यात थोडे हायवे, थोडे गावातले, थोडा वेळ एसी लावून उभे. परत येऊन स्कॅनरमध्ये ‘पेंडिंग’ कोड पाहा; दिवा लागण्याआधी दोष तिथे दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून पुन्हा पाहा, आणि आठवड्याने लाँग टर्म ट्रिम नोंदवा. तो ५ टक्क्यांच्या आत आला असेल तर काम झाले. आयडल शांत आहे पण ट्रिम अजून १५ वर आहे, तर गळती कुठेतरी उरलेली आहे. पाण्याचा फवारा घेऊन मॅनिफोल्डच्या मागच्या, हात न पोहोचणाऱ्या बाजूपासून पुन्हा सुरुवात करा.